घोड्याची चाल, रोहित्राचा श्वास

मार्गशीर्षात, दत्तजयंतीच्या सुमारास, सारंगखेड्याला घोडेबाजार भरतो. नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातले तापीकाठचे गाव, एकमुखी दत्ताचे देऊळ आणि दूरदूरहून आलेले घोडे. तिथे गेलात तर घोड्यांइतकेच गिऱ्हाइकांकडेही बघा. जाणता माणूस आधी घोड्याचा ओठ वर करून दात पाहतो आणि वय काढतो. मग मालकाला म्हणतो, जरा फिरवून आणा. टापांचा ठेका ऐकतो, एखादा पाय चोरून पडतोय का ते बघतो. पळवून आणल्यावर भाता किती वेळात शांत होतो याकडे त्याचे लक्ष असते. गुडघ्यांवरून, खुरांवरून हात फिरवतो. एखादी जागा जास्त ऊन लागली की भाव तिथेच पडतो. घोडा उघडून आत बघण्याची सोय नसते, तरी हा माणूस दहा मिनिटांत बहुतेक सगळे सांगतो.

त्याच बाजारात दुसरीही एक परीक्षा चालते, भोवऱ्यांची. केसांचा भोवरा कुठे पडला आहे, देवमण नावाचा शुभ मानलेला भोवरा आहे की नाही, यावरून घोडा शुभ की अशुभ ठरतो आणि किंमत वरखाली होते. भोवऱ्याचा आणि घोड्याच्या फुफ्फुसांचा काडीचा संबंध नाही. पण भोवरा कुणालाही चटकन दिसतो. चाल ओळखायला वर्षे जातात.

पुढच्या पानांत ज्या विद्येची ओळख करून द्यायची आहे ती या बाजारातल्या पहिल्या परीक्षेची बहीण आहे. फरक एवढाच की इथला घोडा 11 हजार, 33 हजार किंवा 1 लाख 32 हजार व्होल्टचा असतो आणि त्याच्या अंगावरून हात फिरवता येत नाही. चालू असलेले उच्च दाबाचे यंत्र न उघडता, वीज बंद न करता, त्याच्या विद्युतरोधनात कुठे कीड लागली आहे हे बाहेरून ओळखायचे. आणि भोवरा कुठला, चाल कुठली, हेही ओळखायचे. माझ्या मते या विद्येतला अवघड भाग दुसरा आहे. उपकरणे विकत मिळतात.

विद्युतरोधन म्हणजे वीज जिथे जायला नको तिथे तिला जाऊ न देणारी प्रत्येक वस्तू. खांबावरची चिनी मातीची पिन, रोहित्रातले, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधले, तेल आणि तांब्याच्या तारेभोवती गुंडाळलेला कागद, केबलमधले प्लॅस्टिक, ब्रेकरमधला वायू, आणि दोन तारांमधली साधी हवासुद्धा. ‘डीपी जळाली’ असे आपण म्हणतो तेव्हा तांबे सहसा सगळ्यात शेवटी जळते. आधी कागद संपलेला असतो. रोहित्राचे आयुष्य म्हणजे त्यातल्या कागदाचे आयुष्य, हे वाक्य प्रत्येक अभियंत्याने ऐकलेले असते. त्याचा अर्थ मात्र पुष्कळांना पहिले रोहित्र गमावल्यावर कळतो.

हा कागद सेल्युलोजचा असतो. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या कड्यांची लांब साखळी. नव्या कागदात एका साखळीत सरासरी हजाराच्या आसपास कडी असतात. उष्णता, पाणी आणि प्राणवायू मिळून ही साखळी तोडत जातात. कडी 200 पर्यंत उतरली की कागदात ताकद राहत नाही; रोज तो आपले काम करत असतो, पण एखाद्या शॉर्ट सर्किटचा धक्का बसला की फाटतो. उष्णतेचा हिशेब निर्दय आहे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार साध्या कागदासाठी गुंडाळीतल्या सर्वांत गरम जागेचे तापमान 98 अंश सेल्सिअस धरले, तर त्यावर दर 6 अंशांना कागद झिजण्याचा वेग दुप्पट होतो. खानदेशात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो हे सांगायला मी नको. शहाद्याच्या ऊस-केळीच्या पट्ट्यात त्याच दिवसांत पंपांचा भारही टिपेला असतो. म्हणजे बाहेरची उष्णता आणि आतली उष्णता एकाच वेळी भेटायला येतात.

पण सगळेच बिघाड असे सावकाश, सगळ्या अंगाने येत नाहीत. काही एका टिंबापासून सुरू होतात, आणि या विद्येचा जीव त्या टिंबात आहे.

समजा, केबलच्या जॉइंटमध्ये कारागिराच्या हातून सुईच्या टोकाएवढा हवेचा फुगा राहून गेला. घन पदार्थातल्या अशा चपट्या पोकळीत विद्युत क्षेत्र भोवतालच्या पदार्थापेक्षा जास्त असते. केबलच्या प्लॅस्टिकमध्ये दुपटीहून थोडे जास्त, तेलात भिजलेल्या कागदात साडेतीन-चार पट. वर हवा या सगळ्यांत कमजोर. सर्वांत अशक्त माणसाच्या डोक्यावर सर्वांत जड गाठोडे द्यावे तसे हे. ती पोकळी फुटते, म्हणजे तिच्यातून एक सूक्ष्म ठिणगी जाते आणि विझते. पूर्ण रोधन फुटलेले नसते, त्यातला एक कण फुटतो. म्हणून याला आंशिक विसर्जन म्हणतात. विसर्जन म्हटले की मराठी माणसाला गणपती आठवतो, त्यामुळे कामावर सगळे ‘पीडी’ म्हणतात आणि मीही पुढे तेच म्हणणार आहे.

आपल्या विजेचे सेकंदाला 50 फेरे असतात, म्हणजे 100 अर्धफेरे. प्रत्येक अर्धफेऱ्यात ती पोकळी एकदा किंवा अनेकदा फुटू शकते. दिवसाला 86 लाख 40 हजार अर्धफेरे होतात. एका ठिणगीने काही बिघडत नाही. पण ती इलेक्ट्रॉनांचा मारा करते, ओझोन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तयार करते, ओल मिळाली की त्याचे आम्ल होते, आणि पोकळीची भिंत कुरतडली जाते. प्लॅस्टिकमध्ये हे कुरतडणे फांद्या फुटलेल्या झाडासारखे वाढत जाते. जर्मनीत ग्यॉटिंगेनला लिक्टेनबर्गने 1777 मध्ये विजेच्या ठिणगीनंतर धुळीत उमटलेल्या अशाच फांद्या पाहिल्या होत्या. त्याला त्या सुंदर वाटल्या. केबलमध्ये त्या दिसतात तेव्हा केबल आधीच कापून टेबलावर आलेली असते.

ठिणगी किती मोठी, हे पिकोकुलोममध्ये मोजतात. 1 पिकोकुलोम म्हणजे सुमारे 62 लाख इलेक्ट्रॉन. संख्या मोठी वाटते, पण विजेच्या हिशेबात ती धुळीच्या कणाएवढीही नाही. नव्या मोठ्या रोहित्राची कारखान्यात चाचणी होते तेव्हा असे काहीशे पिकोकुलोम ही मर्यादा धरतात. एवढे बारीक काही चालू उपकेंद्रात, ब्रेकर, मोबाइल टॉवर, वेल्डिंग मशिन आणि पक्ष्यांच्या गोंगाटात, बाहेरून कसे ऐकायचे?

इथे निसर्गाने थोडी मदत केली आहे. ठिणगी पडली की ती एकाच भाषेत बोलत नाही. तिच्यापासून आवाज निघतो, प्रकाश निघतो, रेडिओच्या लहरी निघतात, उष्णता निघते, वायू तयार होतो आणि वासही येतो. ज्याला जी भाषा येते त्याने ती ऐकावी.

रेडिओपासून सुरुवात करतो, कारण इतिहासातही सुरुवात जवळपास तिथूनच झाली. खेड्यात ट्रान्झिस्टरवर आकाशवाणी जळगाव ऐकणाऱ्या पिढीला आठवत असेल, एखाद्या ठराविक खांबाखालून जाताना बातम्यांवर खरखर चढायची. बहुधा वर कुठेतरी तडकलेली पिन किंवा सैल बांधलेली तार असायची. अमेरिकेत रेडिओचा प्रसार झाला तेव्हा लोकांच्या अशाच तक्रारी आल्या, आणि कारखान्यांत यंत्राचा ‘रेडिओ त्रास’ मायक्रोव्होल्टमध्ये मोजण्याची रीत पडली. पीडी मोजण्याच्या जुन्या पद्धतींपैकी ही एक. लोकांची करमणूक बिघडली म्हणून एक शास्त्र पुढे सरकले, हे मला आवडते. आजची भारी उपकरणे 300 मेगाहर्ट्झपासून 3 गिगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी पकडतात. वायूने भरलेल्या बंदिस्त उपकेंद्रांत ही पद्धत फार उपयोगी ठरली आहे. मोबाइलच्या लहरी याच पट्ट्यात असल्याने शहरात तिचा गोंधळ उडतो. सातपुड्यातल्या अक्राणीच्या दऱ्यांत पुष्कळ ठिकाणी रेंज नसते, त्याचा फायदा झालाच तर आम्हाला.

आवाजाची गोष्ट जास्त घरगुती आहे. माणसाला 20 किलोहर्ट्झच्या वरचे ऐकू येत नाही. ठिणगीच्या आवाजाचा बराच भाग त्याच्या वर असतो. 40 किलोहर्ट्झच्या आसपास ऐकणारे, आणि ते खाली आणून आपल्या कानात सोडणारे हातातले उपकरण आता मिळते. त्यातून पीडी ऐकली की तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तशी चरचर येते. मात्र हा आवाज हवेतून यायला वाट हवी. बंद पेटीला कुठे फट नसेल तर तो बाहेर येत नाही. नेमक्या त्या ठिकाणी दुसरी युक्ती चालते. 1970 च्या दशकात ब्रिटनमध्ये जॉन रीव्ह्ज यांच्या लक्षात आले की धातूच्या पेटीत पीडी झाली की तिची स्पंदने आतल्या पृष्ठभागावरून धावतात, झाकणाच्या सांध्यातून बाहेर पडतात आणि बाहेरच्या पत्र्यावरून काही मिलिव्होल्टच्या रूपात पसरतात. पत्र्याला बाहेरून संवेदक टेकवायचा, आकडा वाचायचा. हवेच्या उघड्या पृष्ठभागावरची ठिणगी कानाला जास्त कळते, आतल्या पोकळीतली या पत्र्याच्या स्पंदनांना. म्हणून दोन्ही बरोबर न्यावीत.

प्रकाशाचा उपयोग करणारा कॅमेरा तर खरोखर चतुर आहे. सूर्याच्या अतिनील किरणांतला 280 नॅनोमीटरच्या खालचा भाग वातावरणातला ओझोन गिळून टाकतो. तो जमिनीवर पोचत नाही. ठिणगी मात्र त्या पट्ट्यातही थोडा प्रकाश टाकते. फक्त 240 ते 280 नॅनोमीटर पाहणारा कॅमेरा केला तर भर दुपारी त्याला सूर्य दिसत नाही आणि तारेवरचा कोरोना, म्हणजे तारेभोवतीच्या हवेतली ठिणग्यांची प्रभा, दिसतो. किंमत ऐकली की अनेकांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकतात, ते वेगळे.

उष्णतेच्या कॅमेऱ्याबद्दल माझे मत थोडे कडक आहे. तो आता पुष्कळ ठिकाणी पोचला आहे, आणि चांगल्या कामाला येतो, पण सैल जोड शोधायला. रोधनातले दोष बहुधा एक-दोन अंशांचाच फरक दाखवतात. लाइटनिंग अरेस्टर आतून ओलसर झाला असेल तर शेजारच्या दोन फेजच्या अरेस्टरपेक्षा तो जेमतेम तेवढाच गरम असतो, आणि तो जेमतेम फरकच गंभीर असतो. मे महिन्यात दुपारी बाराला कॅमेरा घेऊन यार्डात जाणाऱ्याला ऊन मोजून परत यावे लागते. चकचकीत ॲल्युमिनियम त्याला आकाशाचे प्रतिबिंब दाखवते आणि तो ते तापमान म्हणून लिहून आणतो. सूर्य मावळल्यावर, यंत्रावर भार असताना, आणि तीन फेज एकमेकांशी ताडून पाहिल्या तरच त्या चित्राला अर्थ येतो.

वायूंची भाषा मोठ्या रोहित्रांसाठी आहे. तेलात बिघाड झाला की तेलाचे रेणू तुटून हायड्रोजन, मिथेन, इथेन, इथिलीन, ॲसिटिलीन सुटतात. कागद होरपळला तर कार्बन मोनॉक्साइड आणि डायऑक्साइड. जर्मनीत माक्स बुखहोल्त्स यांनी 1921 मध्ये रोहित्राच्या टाकीवरच्या नळीत हे वायू अडकवून घंटा वाजवणारा रिले केला. तो आजही मोठ्या रोहित्रांवर असतो आणि वर्षानुवर्षे गप्प बसतो, हेच त्याचे कर्तव्य. त्याच्याही आधी कळावे म्हणून चालू रोहित्राच्या खालच्या व्हॉल्व्हमधून काचेच्या सिरिंजमध्ये थोडे तेल काढून प्रयोगशाळेत पाठवतात. मंद ठिणग्या असतील तर हायड्रोजन वाढतो, तापलेल्या धातूने इथिलीन, आणि आर्क झाला तर ॲसिटिलीन. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये मिशेल ड्यूव्हाल यांनी 1974 मध्ये तीन वायूंचे प्रमाण मांडून दोषाचा प्रकार सांगणारा त्रिकोण काढला. शास्त्रात इतके साधे आणि इतके टिकाऊ चित्र क्वचित सापडते. तेलाच्या अशा तपासण्या करणाऱ्या मोठ्या संस्थांपैकी दोघींची नावे नवख्याने लक्षात ठेवावीत: बंगळूरची सेंट्रल पॉवर रिसर्च इन्स्टिट्यूट, 1960 पासूनची, आणि वडोदऱ्याची एर्डा, 1974 पासूनची. वडोदरा नंदुरबारहून मुंबईपेक्षा जवळ. पण सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर जवळची काय आणि लांबची काय, कुठलीही प्रयोगशाळा ते तेल खरे बोलवू शकत नाही.

आणि आता सर्वांत स्वस्त भाषा. कन्झर्व्हेटर, म्हणजे तेल फुगायला वर जागा देणारी टाकी, असलेल्या रोहित्राला एक छोटी काचेची बरणी लटकलेली असते, तिला ब्रीदर म्हणतात. भार वाढला की तेल तापून फुगते आणि हवा बाहेर टाकते. भार उतरला की तेल आकसते आणि हवा आत ओढते. रोहित्र अक्षरशः श्वास घेते. आत जाणारी हवा कोरडी व्हावी म्हणून बरणीत सिलिका जेलचे खडे असतात. कोरडे असताना निळे, ओल खाल्ली की गुलाबी. आता कोबाल्ट नसलेले नारिंगी-हिरवे खडेही येतात, पण निळा-गुलाबी हिशेब अजून सगळीकडे चालतो. पाळीच्या विजेवर चालणाऱ्या शेतीच्या रोहित्राचा श्वास तर फार खोल: काही तास भरपूर भार, मग एकदम शून्य. असे रोज. खडे गुलाबी झाले आणि कुणी बदलले नाहीत की त्या श्वासाबरोबर ओल आत जाते, आणि तेलापेक्षा कागदाला पाण्याची ओढ कितीतरी जास्त असल्याने ती कागदात जाऊन बसते. न उघडता, न बंद करता, कुंपणाबाहेरून नुसत्या डोळ्यांनी वाचता येणारे हे विद्युतरोधनाचे उपकरण शंभर रुपयांचा चष्मा लावूनही वाचता येते. तरी गुलाबी ब्रीदर मी जितके पाहिले आहेत तितके निळे पाहिलेले नाहीत.

नंदुरबारचे नाव या विद्येशी सहसा कुणी जोडत नाही. मोठी उपकरणे चंद्रपूर–पडघ्यासारख्या ±500 केव्हीच्या (किलोव्होल्टच्या) वाहिन्यांवर, मुंबई-पुण्याच्या बंदिस्त उपकेंद्रांत जातात, आणि ते बरोबरही आहे. तरी माझा आग्रह आहे की विद्यार्थ्याने ही विद्या इथे शिकावी. 1 जुलै 1998 ला धुळ्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा रोधनाच्या जवळजवळ सगळ्या शत्रूंचे प्रदर्शन आहे. तापीखोऱ्यात उन्हाळ्याची धूळ. हिवाळ्यात पहाटेचे दव. नवापूरकडे उकाई धरणाच्या फुगवट्याची ओल. उधना–जळगाव लोहमार्गावर 25 केव्हीच्या तारा. आणि उत्तरेला सातपुडा.

सातपुड्यात तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे 1,150 मीटरवर आहे. विद्युत उपकरणांची मानके सर्वसाधारणपणे 1,000 मीटरपर्यंतची उंची गृहीत धरतात; त्याच्या वर हवा विरळ होते आणि तिची रोधनशक्ती कमी होते. 1889 मध्ये पाशेन यांनी हवेचा दाब आणि फुटण्याचा व्होल्टेज यांचे नाते मांडले, त्याचा हा व्यवहारातला परिणाम. तोरणमाळला तो टक्का-दोन टक्क्यांचाच आहे, घाबरण्यासारखा नाही. पण पाठ्यपुस्तकात हिमालयासाठी दिलेला नियम आपल्याच जिल्ह्यातल्या यशवंत तलावाकाठी लागू होतो, हे कळल्यावर विद्यार्थ्याचे डोळे उघडतात, हे मी पाहिले आहे.

आता जिल्ह्यातल्या प्रत्येक माणसाचा जुना प्रश्न: दोन थेंब पडले की लाइट का जाते, आणि धो-धो पाऊस लागल्यावर तीच लाइट टिकते कशी? लोक यावर विनोद करतात, पण प्रश्न उत्तम आहे. चिनी मातीच्या रोधकावर सहा-सात महिने धूळ बसते. कोरडी धूळ वीज वाहत नाही. मृगाचा पहिला शिडकावा ती धूळ ओली करतो, धुऊन नेत नाही. ओल्या थरातून गळती प्रवाह वाहतो, त्याच्या उष्णतेने काही पट्टे सुकतात, आणि त्या सुक्या पट्ट्यांवरून ठिणग्या उड्या मारू लागतात. एखादी उडी लांब पडली की रोधक वरपासून खालपर्यंत पेटतो आणि फीडर ट्रिप होतो. आषाढात पाऊस मुसळधार होतो, रोधक आंघोळ करतात, आणि तक्रारी कमी होतात. सिलिकॉनच्या नव्या रोधकांवर पाणी थेंबाथेंबाने राहते, सलग थर होत नाही. पण त्यांचाही हा गुण काळाने कमी होतो, आणि तो किती उरला आहे हे जमिनीवरून ओळखणे अजूनही एक चांगला अभ्यासविषय आहे. आवाज ऐकणारे उपकरण या कामी मेच्या शेवटी, पहाटे, दव असताना न्यावे. दुपारी नेले तर सगळे रोधक सोज्वळ निघतात.

ही विद्या इथे शिकण्याचे दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. मेगर लावायचा, टॅन डेल्टा काढायचा, म्हणजे रोधनाच्या नेहमीच्या चाचण्या करायच्या, तर यंत्र बंद करावे लागते. शहरात एक वाहिनी बंद केली तर दुसरीवरून पुरवठा फिरवता येतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात पाड्यापाड्यांना जोडणाऱ्या लांब वाहिन्यांना असा दुसरा हात नेहमी नसतो. 2021 मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत, तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड यांच्या पुढाकाराने आधीच उभारलेल्या प्राणवायू प्रकल्पांमुळे नंदुरबारचे नाव देशभर झाले. हवेतून प्राणवायू वेगळा करणारे ते प्रकल्प विजेच्या कॉम्प्रेसरवर चालतात. रोहित्र तपासायला तासभर बंद ठेवू का, हा प्रश्न अशा वेळी विचारायचाही नसतो. न थांबवता तपासण्याची विद्या श्रीमंत यंत्रणांची चैन आहे, असा समज आहे. मला तर ती जिथे दुसरी वाहिनी नाही तिथली गरज वाटते.

एक सावधगिरीही सांगतो. शेतीपंपांसाठी 2018 पासून महावितरणने उच्चदाब वितरण प्रणालीखाली छोटी छोटी रोहित्रे मोठ्या संख्येने बसवली. प्रत्येकाला महागडा संवेदक लावणे हा हिशेबाचा वेडेपणा होईल. 33/11 केव्ही उपकेंद्रातल्या मोठ्या रोहित्राला तेलाची नियमित तपासणी, केबलच्या टोकांना आवाज आणि पत्र्याची स्पंदने, अरेस्टरच्या अर्थिंगवर चिमटा लावून गळती प्रवाहातला तिसरा हार्मोनिक, आणि शेतातल्या डीपीला ब्रीदर, तेलाची पातळी व अर्थिंग. कुणाकडे किती लक्ष द्यायचे हे ठरवणे हाही या विद्येचा भाग आहे.

आता भोवऱ्यांकडे येतो. उपकेंद्रात रात्री तारेच्या टोकावर निळसर प्रभा दिसते, हिस्स आवाज येतो, नवखा माणूस घाबरून अहवाल लिहितो. उघड्या हवेतला असा कोरोना बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो; थोडी वीज वाया जाते, बस. उलट बुशिंगच्या आतली पीडी आवाज करत नाही, दिसत नाही, आणि एके दिवशी बुशिंग फोडते. दोहोंतला फरक कळतो तो विजेच्या लाटेवर ठिणगी कुठे बसते यावरून. उच्च दाबाच्या टोकदार भागावरचा कोरोना आधी ऋण अर्धफेऱ्याच्या शिखरापाशी गोळा होतो. घन पदार्थातली पोकळी दोन्ही अर्धफेऱ्यांत, साधारण सारख्या प्रमाणात, शिखराच्या आधीच्या चढावर बोलते. हा नकाशा वाचता आला की अर्धी लढाई जिंकली. बाकी अर्धी आकड्यांच्या मोहातून सुटण्याची. पिकोकुलोमचे मोजमाप आयईसी 60270 या मानकाने बांधलेले आहे, पण तेही ‘भासमान’ प्रभार मोजते. आतली खरी ठिणगी केवढी होती हे बाहेरून कळत नाही. आवाज आणि रेडिओलहरींच्या पद्धतींसाठी वेगळे मानक आहे, आयईसी 62478, आणि त्यांचे डेसिबेल पिकोकुलोममध्ये बदलून देण्याचा दावा कुणी केला तर त्याच्याकडून घोडासुद्धा घेऊ नका.

माझा स्वतःचा भोवरा सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला खानदेशातल्या एका उपकेंद्रात मी तपासणीला गेलो. तिथले ऑपरेटर वयाने मोठे होते, सगळे त्यांना आबा म्हणत. ते म्हणाले, “साहेब, त्या केबलच्या टोकाकडून रात्री चरचर येते. वासही येतो, पाऊस पडायच्या आधी येतो ना तसा.” मी दुपारी दोनला तापमान मोजणारी बंदूक घेऊन उभा होतो. सगळेच लोखंड भाजत होते. काही वेगळे आढळले नाही. आबा म्हणाले, “दिवसा नाही समजणार, साहेब. रात्री दोनला या.” मी आलो नाही. अहवालात लिहिले, ‘दोष : निरंक’. पाच आठवड्यांनी एका दमट पहाटे ते टोक फुटले.

नंतर मी त्यांचे लॉगशीट मागवून पाहिले. शेऱ्याच्या रकान्यात, जिथे सगळे ‘नॉर्मल’ लिहितात, तिथे आबांनी पेन्सिलीने बारीक अक्षरांत वेळा लिहिल्या होत्या. 2.10. 3.40. 2.30. 4.15. आधी आठवड्यातून दोन, मग चार, मग रोज. ज्याला परदेशी पुस्तकांत कलाचे (ट्रेंडचे) आलेखन म्हणतात ते त्या कागदावर होते. वासाचे वर्णनही अचूक ओझोनचे होते. माझ्या बंदुकीचा आकडा एका दुपारचा होता, आबांकडे पाच आठवड्यांच्या रात्री होत्या. घोड्याची चाल एका पावलावरून कळत नाही.

म्हणून या विद्येत येणाऱ्याचे स्वागत करताना मी त्याला आधी गणित विचारत नाही. पदविकेचा विद्यार्थी, वायरमन, कनिष्ठ अभियंता, किंवा नुसताच जिज्ञासू शेतकरी, कुणीही यावे. विद्युत क्षेत्राची समीकरणे चौथ्या प्रकरणात आहेत आणि ती टाळता येणार नाहीत, पण तिथवर पोचणारा ती का शिकायची हे जाणून असेल. मराठी संज्ञांबद्दल मी हट्ट धरलेला नाही. रोहित्र लिहिले आहे, कारण महावितरणच्या पत्रांमुळे तो शब्द रुळला. ब्रीदरला ‘श्वासक’ म्हटलेले नाही, कारण तसे म्हणून कुणी तो बदलून आणणार नाही.

पहिला धडा ब्रीदरचाच आहे. त्यासाठी घराजवळचे कन्झर्व्हेटर असलेले एक रोहित्र निवडायचे, कुंपणाच्या बाहेर, सुरक्षित अंतरावर उभे राहायचे, काठी-दोरी-हात काहीही आत घालायचे नाही, आणि जूनच्या पहिल्या तारखेपासून दर रविवारी संध्याकाळी खड्यांचा रंग वहीत लिहायचा: किती थर निळा, किती गुलाबी, खालून की वरून. गुलाबी रंग खालून वर सरकला तर ओल बरोबर वाटेने येते आहे. वरून खाली आला, तर बरणीच्या वर कुठेतरी गॅस्केट गेलेले आहे, आणि रोहित्र नाकाने नव्हे, भलत्याच भोकाने श्वास घेते आहे. दुसऱ्या धड्यात त्या भोकाचा शोध आहे.